एकोणीस नंबरची जर्सी

रविवारची सकाळ म्हणजे कुंकलांच्या घरी मोजे धुवायची सकाळ. आठवडाभराचे फुटबॉलचे मोजे ग्रेचेन त्या दिवशी एकदम मशीनला लावायची, कारण एरवी त्यांच्या जवळ जायची कुणाची छाती होत नसे. तळघरात मशीन घुरघुरत होतं. वर स्वयंपाकघरात कर्ट पॅनकेक करत होता आणि पहिला पॅनकेक नेहमीप्रमाणे बिघडला म्हणून उभ्या उभ्या स्वतःच खात होता. त्यांची मुलगी हॅटी अजून खाली आली नव्हती. सुट्टीच्या दिवशी दहाच्या आत उठणं हे तिच्या मते आजारपणाचं लक्षण होतं.

"माझी चिकटपट्टी तुझ्या त्या पिशवीत गेलीय," कर्ट म्हणाला. तो लोकांच्या घरचे हीटर दुरुस्त करायचा आणि त्याची निम्मी अवजारं ऐन वेळी सापडायची नाहीत. "परवा एका गिऱ्हाइकाचा हीटर उघडून बसलो आणि पट्टीच नाही."

"ती मुलींच्या गुडघ्यांना लागली. वर देवाकडे तुझ्या नावावर पुण्य जमा होईल."

"तू त्या क्लबचं काम करतेस, की तो क्लबच आपल्या घरात फुकट राहतो, ते एकदा ठरवून टाक."

ग्रेचेन हसली. पिशवी दाराशीच पडली होती, पलीकडे जायचं तर ओलांडूनच जावं लागे. केसांची रबरं, पट्ट्या, कापूस, संत्री, कुणाचा तरी विसरलेला बूट, काय नव्हतं त्यात! सेंट लुईसच्या दक्षिणेकडच्या एका क्लबात मोठ्या मुलींच्या संघाची ती व्यवस्थापक होती. पद मोठं, पगार काही नाही. हॉटेलातल्या खोल्या ठरवायच्या, कुणाच्या गाडीत कोण बसणार ते जुळवायचं, रुसलेल्या आयांना फोन करायचे आणि कुणाला रक्त आलं तर पुसायचं. सकाळी दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायची तिची अर्ध्या दिवसाची नोकरी होती. उरलेला दिवस या मुलींचा.

तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, लाथच ती.

"अगं उघड! हात भरलेत माझे!"

दारात ट्रूडी. घरातल्या सपाता, अंगावर उलटा स्वेटर आणि हातात लोण्याच्या चिकट केकचा अख्खा खोका. मागच्या गल्लीतून ती तशीच चालत आली होती. "बस," ती म्हणाली. "नको, उभीच राहा. नको, बसच तू. कर्ट, तूही बस. ब्रिनला घेतलं!"

"कुणी घेतलं?"

"आयोवातल्या कॉलेजनं, त्यांच्या फुटबॉल संघात! काल संध्याकाळी फोन आला. त्या हॅलोरनबाई, त्यांच्या कोच. ब्रिननं कधी मेलसुद्धा लिहिला नव्हता गं त्यांना. त्या म्हणे इंडियानात दुसऱ्याच कुणाला बघायला आल्या होत्या; ब्रिनचा घोटा मुरगळायच्या आधीच असणार. त्यांची एक मुलगी ऐन वेळी नको म्हणाली, एक जागा उरली, आणि म्हणतात कशा, तुमच्या एकोणीस नंबरनं मला खुर्चीवरून उठूच दिलं नाही! डावी बाजू अशी धरून ठेवली की समोरच्या मुली तिकडे यायच्याच बंद झाल्या!"

ग्रेचेननं तिला मिठी मारली. खरीच मिठी होती ती. ब्रिनला ती तिच्या दुधाच्या दातांपासून ओळखत होती. दोघींच्या मुली एकाच वर्षी क्लबात आल्या, तेव्हापासून गावोगावच्या हॉटेलांत चौघी एकाच खोलीत राहत आल्या होत्या. ब्रिनचा बाप दूर तुलसा शहरात दुसरा संसार मांडून बसला होता आणि ट्रूडीनं एकटीनं या मुलीला इथवर आणलं होतं.

"आणि ऐक की," खोका उघडता उघडता ट्रूडी म्हणाली, "म्हणे, काय तो लांब थ्रो! रेषेवरून फेकला की थेट गोलच्या तोंडाशी! ब्रिनचा थ्रो! मी इतकी वर्षं बघतेय, मला पत्ताच नाही. या पोरीला म्हटलं ती उशी इकडे टाक, तर उशी वाटेत पडते."

ती पोट धरून हसली. कर्टही हसला. ग्रेचेनच्या हातातली सुरी केकमध्ये गेली आणि तिथेच राहिली.

रेषेबाहेर गेलेला चेंडू डोक्यावरून दोन्ही हातांनी थेट गोलपर्यंत फेकणारी मुलगी त्या संघात एकच होती. ती आत्ता वरच्या खोलीत झोपलेली होती.

*

या मुलींना कॉलेजवाले बघायला येतात. बघायला येणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मैदानाच्या एका कडेला घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आपापल्या कॉलेजच्या टोप्या घातलेले बायका-पुरुष त्यांवर बसलेले, मांडीवर कागद, चेहऱ्यावर काही नाही. आवडली की नाही याचा पत्ता लागू द्यायचा नाही आणि जाताना "कळवतो" एवढंच म्हणायचं. मुलींनी आधी महिना-महिना मेल लिहायचे: मी अमुक, माझा नंबर अमुक, अमुक मैदानावर खेळणार आहे, जमलं तर या. उत्तर नाही आलं की पुन्हा लिहायचं. तरी नाही आलं तर आणखी एकदा, आणि तेही हसऱ्या शब्दांत. एका वेळी इतक्या मैदानांवर सामने चाललेले असतात आणि सगळ्या मुलींच्या मागे केसांची तीच एक शेपटी उडत असते, की लांबून चेहरा काही ओळखू येत नाही. पाठीवरचा नंबर दिसतो. क्लबानं दिलेल्या कागदावर त्या नंबरासमोर नाव असतं, आणि तो नंबर म्हणजेच ती मुलगी.

बाकीचं काम प्रॉसरचं. प्रॉसर हा क्लबाचा मुख्य कोच. तरुणपणी वेल्सहून आला तो इथलाच झाला, बोलणं मात्र अजून तिकडचं. सामना चालू असताना तो खुर्च्यांच्या मागून हात पाठीशी बांधून फिरायचा आणि जाता जाता पुटपुटल्यासारखं बोलायचा: "माझ्या सात नंबरकडे लक्ष असू द्या." एवढ्या पुटपुटण्यावर कितीतरी मुली कॉलेजात गेल्या होत्या. कोणत्या कॉलेजला कशी मुलगी हवी, कोणाची गोलकीपर यंदा बाहेर पडणार, कोणत्या कोचला तोंडाळ मुलगी चालते, सगळं त्याला पाठ. क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत एक भिंत होती. ज्या मुलीचं कुठे ठरेल तिचा त्या कॉलेजच्या टोपीतला फोटो तिथे लागायचा.

आणि पालकांसाठी एक नियम होता. पालक या कडेला, खुर्च्या त्या कडेला, मधे अख्खं मैदान. दर ऑगस्टमध्ये नव्या आईबापांना हा नियम सांगायचं काम ग्रेचेनचं होतं आणि ते ती मनापासून करायची. "खुर्च्यांकडे जायचं नाही. त्यांना कॉफी न्यायची नाही. 'ती माझी' म्हणून बोट दाखवायचं नाही. आई मधे आली की मुलीचं काम बिनसलं, एवढं लक्षात ठेवा." एकदा एका बापानं डोनटचा खोका नेला होता. कोचबाईंनी एक डोनट घेतलं, आभार मानले, खुर्ची मिटली आणि दुसऱ्या मैदानाकडे चालू लागल्या. ती गोष्ट ग्रेचेन अभिनयासकट सांगायची. बायका तिला चेष्टेनं खुर्च्यांची फौजदारीणबाई म्हणायच्या.

पंधरवड्यापूर्वीच्या शनिवारी ते सगळे इंडियानात होते. या वर्षातले मोठे सामने ते एवढेच, आणि हॅटी-ब्रिनसारख्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींना तर त्यानंतर कुणी बघायला येणारही नव्हतं. सकाळच्या सामन्यात ब्रिनचा घोटा मुरगळला. ट्रूडी तिला घेऊन एक्सरे काढायला गेली; जाताना ब्रिननं घामेजलेली जर्सी काढून ग्रेचेनच्या पिशवीत कोंबली. दुपारच्या सामन्यात सुरुवातीलाच समोरच्या मुलीचं कोपर हॅटीच्या नाकावर बसलं. रक्ताची धार तिच्या सात नंबरच्या जर्सीवर. रेफ्रीनं बोटानं बाहेरची वाट दाखवली: रक्त लागलेली जर्सी बदलल्याशिवाय आत घेणार नाही. जादाची जर्सी मागच्या महिन्यात कुणीतरी नेली होती ती परत आली नव्हती. पिशवीत वर होती ती एकोणीस नंबरची. हॅटीनं ती ओली जर्सी अंगात चढवली, नाकात कापूस कोंबला आणि धावत सुटली.

तशी ती त्या आधी कधी खेळली नव्हती. राग आला होता, की दुखत होतं म्हणून, कोण जाणे. ग्रेचेननं पलीकडच्या कडेला पाहिलं. हिरव्या टोपीतल्या एक बाई खुर्ची उचलून रेषेजवळ सरकल्या होत्या आणि कागदावर काही लिहीत होत्या.

कुणीतरी सांगायला हवं होतं की ही एकोणीस नाही, ही सात. बाकावर बसलेला तरुण कोच नवा होता, त्याला हे सुचलं नाही. प्रॉसर लहान मुलींच्या सामन्याला, लांबच्या मैदानावर. ग्रेचेन उठली. कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत चालत गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "फौजदारीणबाई कुठे निघाल्या?" आणि बायका हसल्या. ती थांबली, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं आणि परत येऊन बसली. प्रॉसरला संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी हॅटीचं नाक सुजून बटाट्याएवढं झालं, दवाखान्यात रांग होती आणि सांगायचं राहून गेलं.

*

ट्रूडीच्या हसण्यानं हॅटी जागी झाली. डोळे चोळत खाली आली, बातमी ऐकली आणि ओरडलीच. "ब्रिन! मिस ट्रूडी, खरंच? मला का नाही उठवलं?" तिनं ट्रूडीला उचलून गोल फिरवलं. नाकाच्या बाजूचा पिवळट डाग अजून गेला नव्हता.

ट्रूडी गेल्यावर ती केकचा तुकडा घेऊन बसली आणि वरची साखर बोटानं टिपून खात राहिली.

"आई, मला खरंच आनंद झालाय हं."

"दिसतंय ना."

"नाही, तू तशी बघू नकोस माझ्याकडे. मला खरंच झालाय." मग बोट चाटून, "एक सांगू? कुणी मला म्हटलं असतं ना, तू हळू पळतेस, तुझा डावा पाय कच्चा आहे, तर चाललं असतं. मी एवढे मेल लिहिले. नको म्हणण्याइतकंही कुणी बघितलं नाही मला."

"असं काही नसतं."

"असंच असतं. जाऊ दे. माझे बूट आत्याच्या पोरीला देऊन टाक. पुढच्या वर्षी मी इथल्याच कॉलेजात नाव घालते, घरून जाऊन येईन. संघ नाही तिथे, पण बरंच ते." आणि उठून तिनं बशी धुऊन ठेवली. हॅटीनं न सांगता बशी धुतली, म्हणजे काय समजायचं ते आईला समजलं.

कर्टला सगळं सांगायला ग्रेचेन त्याला तळघरात घेऊन गेली. तो ओले मोजे हातात धरून ऐकत राहिला.

"मग जा आणि सांग."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"ट्रूडीला सांगू? तुझी मुलगी त्यांना नकोच होती, असं?"

कर्टनं मोजे दोरीवर टाकले. बराच वेळ तो एक एक चिमटा लावत राहिला. "मला हीटर दुरुस्त करता येतात, ग्रेचेन," तो शेवटी म्हणाला. "याला कुठे हात घालायचा, मला कळत नाही."

तरी मंगळवारी ती ट्रूडीकडे गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली. ट्रूडीनं दारातल्या गवतावर हिरवी पाटी रोवली होती: कॉलेजचं नाव, खाली ब्रिनचं. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन पाटीपाशी उभे होते आणि ट्रूडी त्यांना दुसऱ्यांदा सगळं सांगत होती. ग्रेचेनला बघताच म्हणाली, "बरी आलीस! क्लबाच्या भिंतीसाठी फोटो तूच काढायचा. माझा हात हलतो, सगळ्यांची डोकी उडतात."

ब्रिन हिरवी टोपी घालून पाटीशेजारी उभी राहिली. ग्रेचेननं फोन वर धरला.

"हनुवटी जरा वर कर, ब्रिन."

"हस की गं!" ट्रूडी ओरडली. "कुणाच्या मयताला आलीयेस का?"

ब्रिन हसली. फोटो चांगला आला.

*

गुरुवारी सरावानंतर मुलींना आणायची पाळी तिची होती. हॅटी संध्याकाळी आइस्क्रीमच्या दुकानात काम करायची. तिला तिथे उतरवलं. उतरताना तिनं खिडकीतून ब्रिनच्या डोक्यावर टपली मारली. "आयोवात थंडी असते, कानटोपी घे. मूर्ख दिसशील, पण तशीही दिसतेसच." दार लागलं. गाडीत दोघीच राहिल्या.

"मिस ग्रेचेन," ब्रिन मागून म्हणाली, "ती मी नव्हते."

ग्रेचेननं आरशात बघितलं नाही.

"हॅलोरनबाई त्या थ्रोचं बोलल्या ना, तेव्हाच मला कळलं. माझी जर्सी तुम्ही धुऊन दिली होती, हॅटीनं घातली होती म्हणून. माझा थ्रो तुम्हाला माहितीये."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"आई फोनला कान लावून बसली होती. ती रडायला लागली. मग त्या म्हणाल्या, येशील का आमच्याकडे? आणि आईनं माझ्याकडे असं बघितलं..." ब्रिननं बाहीनं नाक पुसलं. "मी हो म्हटलं. हॅटीला नाही सांगितलं मी. मला तिच्याशी बोलताच येत नाहीये चार दिवस, आणि ती माझी चेष्टा करतेय, मला कानटोपी घे म्हणतेय."

समोर सिग्नल लाल होता.

"मी सांगू का त्यांना?" ब्रिन म्हणाली. "नंबर आहे माझ्याकडे. आत्ता करते फोन. तुम्ही फक्त म्हणा. तुम्ही म्हणालात ना, की मी करते."

आता ग्रेचेननं आरशात बघितलं. पोरगी फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. एवढीशी होती तेव्हा पहिल्या सामन्याला हिच्या बुटांच्या नाड्या ग्रेचेननंच बांधल्या होत्या, डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती म्हणून परत सोडून परत बांधल्या होत्या. हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. वरच्या खोलीतली आपली मुलगी, तिची धुतलेली बशी, सगळं डोळ्यांपुढे होतं. आणि या मुलीनं निर्णय तिच्या ओंजळीत टाकला होता, सतरा वर्षांच्या मुलीनं मोठ्या बाईवर भरवसा ठेवून टाकावा तसा. हिच्याकडून ते करून घ्यायचं? हिच्या तोंडून?

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

"घोट्याला बर्फ लावतेस ना?" ग्रेचेन म्हणाली.

ब्रिननं फोन मांडीवर उलटा ठेवला. "हो."

"लावत जा."

तिला पाटीसमोर उतरवून ग्रेचेन कोपऱ्यापर्यंत गेली आणि गाडी कडेला लावून बसून राहिली. हे काम पोरीचं नाही, हे तिला कळलं होतं. ज्याचं आहे त्याच्याकडे जायला हवं होतं.

*

शनिवारी सकाळी प्रॉसर मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता. इतक्या वर्षांचा मुख्य कोच, पण रेघा दुसऱ्या कुणाला मारू द्यायचा नाही. ग्रेचेन गवतातून येताना दिसली तशी त्यानं गाडा थांबवला.

"त्या थ्रोसाठी आलीस," तो म्हणाला.

ग्रेचेनला पाठ करून आणलेलं सगळं विसरायला झालं.

"ट्रूडीनं मला रविवारी फोनवर सांगितलं, हसत हसत. माझ्या संघात तसा थ्रो कोणाचा आहे, ते मला कळू नये? मग त्या तरुण पोराला विचारलं. नाक, जर्सी, सगळं सांगितलं त्यानं." त्यानं चुन्याचे हात पँटला पुसले. "सोमवारी मीच हॅलोरनला फोन केला."

"तुम्ही केलात?"

"मग काय करणार? नंबर चुकला, सांगायलाच हवं."

"आणि?"

"शिव्या दिल्या, मला नाही, स्वतःला. म्हणाली, ती सात नंबर होती? ती? दोनदा विचारलं." प्रॉसर रेघेकडे बघत बोलत होता. "पण तिनं ब्रिनला विचारलंय, ब्रिन हो म्हणालीय. म्हणाली, चूक माझी. माझ्या चुकीसाठी एका मुलीला दिलेला शब्द मी परत घेणार नाही. ब्रिनचे जुने सामने मागवून बघितले तिनं. पोरगी चालेल म्हणाली, शिकेल म्हणाली. दुसरी जागा नाही तिच्याकडे. मी विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं, ग्रेचेन."

"नुसतं तोंडी तर आहे. सही कुठे झालीय?"

"नाही झालेली."

"मग?"

"मग तूच सांग. वर्षानुवर्षं आपण दोघं या पोरींना काय सांगत आलो? हो म्हणाल ते विचार करून म्हणा, म्हटलं की ते तुमचं. कोच फिरले तर आपण त्यांना नावं ठेवतो. ती बाई फिरली नाही, आता तिला काय म्हणू मी?"

ग्रेचेननंच ते वाक्य किती पोरींना ऐकवलं होतं, कमरेवर हात ठेवून.

"दुसरीकडे?"

"चौघापाचांना फोन केले. ऑक्टोबर संपत आला. कुणाचा संघ भरलाय, कुणाला गोलकीपरच हवी, एक म्हणाला पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी हॅटी शाळेत कुठे असणार आहे?" त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मी त्या मैदानावर असायला हवं होतं."

"मी होते," ग्रेचेन म्हणाली. "मी झेंड्यापर्यंत गेले होते."

"मग?"

"मग काही नाही."

लांबच्या टोकाला लहान मुलींचा संघ यायला लागला होता. त्यांच्या आया गाड्यांतून खुर्च्या काढून या बाजूला मांडत होत्या. प्रॉसरनं विचारलं, "ब्रिनला माहीत आहे?"

"नाही," ग्रेचेन पटकन म्हणाली. गाडीतलं बोलणं तिनं गाडीतच ठेवलं. "आणि तिला सांगूही नका. ट्रूडीलाही नको."

"नाही सांगत. हॅटीला?"

ग्रेचेननं नाही म्हणून मान हलवली. हॅटीला कळलं असतं तर तिनं ब्रिनला काही म्हटलं नसतं. उलट तिचीच समजूत काढत बसली असती आणि मग दोघींनाही एकमेकींकडे बघता आलं नसतं. तेवढं तिला आपल्या मुलीबद्दल माहीत होतं.

"ती बूट देऊन टाका म्हणतेय," ती म्हणाली. "तिला वाटतं, तिला कुणी बघितलंच नाही."

"माझ्याकडून काय होणार, सांग. जागा मला देता येत नाही."

"जागा नको. ते संपलं, मला कळलं." तिनं कोटाची बटणं लावली. "सराव झाल्यावर तिला जरा बाजूला घ्या. मी सांगितलं तर ती म्हणेल, तू आई आहेस, तू असंच म्हणणार. तुमचं ती ऐकेल."

"आणि तिनं विचारलं, मग मला घेतलं का नाही?"

"जागा भरली होती म्हणा. खोटं नाही ते. कॉलेजचं नाव तेवढं सांगू नका."

प्रॉसरनं मान डोलावली. "बरं. सांगू काय तिला?"

"एवढंच सांगा, की त्या शनिवारी एका कोचबाईंनी तुझा सामना शेवटपर्यंत बघितला, आणि तुझा खेळ त्यांना आवडला."